एचआयव्हीची गोळी गावाजवळ का मिळत नाही? लिंक एआरटी केंद्र समजून घ्या

एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, हे तुम्हाला बहुधा माहीत आहे. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत ही सोय सुरू झाली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. आज देशभर सातशेहून अधिक एआरटी केंद्रे आहेत. तरीही मोफत गोळीला किंमत पडतेच. केंद्रापर्यंतचे भाडे, बुडालेली मजुरी आणि "दर महिन्याला जिल्ह्याला कशाला जातेस गं?" या प्रश्नाला द्यावे लागणारे उत्तर, हा सगळा खर्च तुमच्या पदरचा असतो.

म्हणूनच रुग्ण आणि त्यांच्या संघटना अनेक वर्षे एकच विचारत आहेत: मधुमेहाची गोळी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, मग आमची का नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर "सरकारची इच्छा नाही" एवढे सोपे नाही. अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांतल्या काही तुमच्या बाजूच्याही आहेत.

आज कुठे काय मिळते

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आता ज्याच्या पाटीवर "आयुष्मान आरोग्य मंदिर" असे लिहिलेले दिसते तिथे, बहुतेक ठिकाणी एचआयव्हीची प्राथमिक तपासणी होते. बोटातून रक्ताचा थेंब घेतात. गरोदर बाईची तपासणी तर सर्वत्र अपेक्षित आहे. संशय आला तर खात्रीसाठी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवतात. तिथे पक्के झाले की नाव एआरटी केंद्रात नोंदवले जाते. एआरटी केंद्र सहसा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असते, काही उपजिल्हा रुग्णालयांतही.

या दोन टोकांच्या मधला दुवा म्हणजे लिंक एआरटी केंद्र. ते ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात, बऱ्याचदा आयसीटीसीच्याच खोलीत चालते. देशात अशी हजाराहून अधिक केंद्रे आहेत. इथे उपचार साधारणपणे सुरू होत नाहीत. मोठ्या केंद्रात उपचार सुरू होऊन तब्येत स्थिरावली की तुमचे नाव इकडे जोडतात. मग महिन्याच्या गोळ्या इथून घ्यायच्या आणि मोठ्या तपासणीसाठी ठरलेल्या वेळी मूळ केंद्रात जायचे.

थोडक्यात, गावात चाचणी होते, तालुक्याला काही जणांना गोळ्या मिळतात आणि उपचाराची सुरुवात जिल्ह्याला होते.

गळती कुठे होते आहे

२०२३ च्या अधिकृत अंदाजानुसार भारतात सुमारे २५.४४ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. संख्येने सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. २०२३-२४ ची सरकारी आकडेवारी सांगते की लागण असलेल्या दर १०० जणांपैकी ८१ जणांना ती माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्या १०० पैकी ८८ उपचारावर आहेत. आणि उपचारावर असलेल्या १०० पैकी ९७ जणांचा विषाणू औषधाने दबलेला आहे. तिन्ही ठिकाणी उद्दिष्ट ९५ चे आहे.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. शेवटचा आकडा उत्तम आहे, म्हणजे गोळी काम करते. कमी आहेत ते पहिले दोन: ज्यांना अजून कळलेच नाही ते, आणि कळूनही जे केंद्रापर्यंत पोहोचले नाहीत किंवा मधेच थांबले ते. ही गळती जिल्हा रुग्णालयाच्या दारापर्यंत यायच्या आधीच होते, आणि ती थांबवायची जागा म्हणजे तुमचा जवळचा दवाखाना. औषधाची बाटली तिथल्या कपाटात असो वा नसो, हे काम त्यालाच करावे लागणार.

मग प्रत्येक प्राथमिक केंद्रात गोळ्या का नाहीत?

दक्षिण आफ्रिकेने हे करून दाखवले आहे. २०१० पासून तिथे प्रशिक्षित परिचारिका गावच्या दवाखान्यातच उपचार सुरू करतात. त्याआधी ईस्टर्न केप प्रांतातल्या लुसिकिसिकी या ग्रामीण भागात हा प्रयोग झाला होता. रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांपेक्षा गावच्या दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांमध्ये औषध अर्धवट सोडण्याचे प्रमाण बरेच कमी राहिले. जवळचा दवाखाना माणसाला टिकवून ठेवतो, हे त्यातून दिसले.

पण तिथे दर आठ माणसांमागे साधारण एकाला एचआयव्ही आहे. आपल्याकडे प्रौढांमधले प्रमाण ०.२० टक्के, म्हणजे हजारात दोन. सपाट प्रदेशातले प्राथमिक आरोग्य केंद्र सुमारे ३०,००० लोकांसाठी असते. राष्ट्रीय सरासरी लावली तर एका केंद्राच्या वाट्याला जेमतेम पन्नासएक रुग्ण येतात, उपचारावरचे त्याहून कमी. काही जिल्ह्यांत ते याच्या कितीतरी पट असतील, काही ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या पन्नासच्या आकड्यातून बऱ्याच अडचणी निघतात. चाळीस माणसांसाठी ठेवलेला औषधसाठा एकतर वाया जातो किंवा नेमका संपतो. ज्या डॉक्टरांकडे दिवसाला एखाद-दुसराच असा रुग्ण येतो, त्यांचा हात या आजारावर बसत नाही. प्रशिक्षण दिले तरी वर्षा-दोन वर्षांत बदली होते आणि नव्या माणसापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. शिवाय त्याच डॉक्टरांकडे बाळंतपणे, लसीकरण, साथीचे आजार, शवविच्छेदन आणि रोजची ओपीडी असते. लिंक केंद्रातही वेगळे कर्मचारी फारसे दिलेले नाहीत. असलेले वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आयसीटीसीचे समुपदेशक हेच काम वाढीव म्हणून सांभाळतात. समुपदेशक रजेवर गेले की केंद्र जवळपास बंद, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो.

म्हणून प्रत्येक प्राथमिक केंद्राला सरसकट एआरटी केंद्र करणे आपल्याकडे शहाणपणाचे ठरेल असे वाटत नाही. जिथे रुग्ण जास्त आहेत तिथे गोळ्या प्राथमिक केंद्रापर्यंत न्याव्यात, बाकीकडे लिंक केंद्रे बळकट करावीत आणि एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचे ठरले. वर्षाला बारा फेऱ्यांऐवजी चार फेऱ्या होत असतील, तर अंतराचा प्रश्न तिथेच निम्म्याहून अधिक सुटतो.

अर्थात त्यासाठी साठा हवा. २०२२ च्या जुलैमध्ये काही औषधांचा तुटवडा झाला. तेव्हा रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयाबाहेर कित्येक आठवडे धरणे धरले होते. महिन्याच्या जागी थोड्या दिवसांच्या गोळ्या हाती पडल्या की सर्वांत आधी मोडतो तो दूरचा, मजुरीवर जगणारा रुग्ण. त्याला पंधरवड्यात दुसरी फेरी परवडत नाही.

गावच्या डॉक्टरांना तुमची गोळी माहीत असायला हवी

सध्या बहुतेक प्रौढांना दिली जाणारी गोळी म्हणजे टीएलडी: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची एकत्र गोळी, दिवसातून एकदा. घ्यायला सोपी, त्रास कमी. म्हणूनच ती गावात देता येईल असे आता म्हणता येते. पूर्वीच्या औषधांबद्दल तसे म्हणणे कठीण होते.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गावच्या दवाखान्यात सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांचे हिच्याशी जमत नाही. पित्तासाठीची, म्हणजे ॲसिडिटीची ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली गोळी वा पातळ औषध सोबत घेतले, तर डोल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही. एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तसेच आहे. जेवणासोबत घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही. लोह आणि कॅल्शियम गरोदर बाईला घरोघर वाटले जाते, त्यामुळे हे तिला कुणीतरी सांगितलेच पाहिजे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस डॉक्टरांना बेतावा लागतो. क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिन असेल, तर डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. हे बदल मनाने करू नका, डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आता पेच बघा. तुम्ही गावच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगितले नाही, तर ते नकळत याच गोळ्या लिहून देणार. सांगितले, तर ते दवाखान्याबाहेर जाईल ही भीती. प्राथमिक केंद्रात उपचार आणण्यातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे, औषधसाठ्याहूनही मोठी.

ओळखीचा दवाखाना, ओळखीची माणसे

जिल्हा रुग्णालयातल्या गर्दीत तुम्ही कोण हे कुणाला ठाऊक नसते. तालुक्याच्या केंद्रात केसपेपर काढणारा तुमच्या भावकीतला निघू शकतो. आशाताई तर गावच्याच. एआरटीचा ठरावीक वार असेल, तर त्या दिवशी त्या बाकावर बसणे म्हणजेच जाहीर करणे. म्हणून कितीतरी जण जवळचे केंद्र सोडून मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात नाव नोंदवतात आणि शंभर किलोमीटरची फेरी पत्करतात. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांनी हिशेब केलेला असतो. नोकरी, मुलीचे लग्न, सासरचे घर यांच्यापुढे बसभाडे स्वस्त पडते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वेगळा वार नको, वेगळी पाटी नको. मधुमेह-रक्तदाबाच्या ओपीडीतच, त्याच खिडकीवर, त्याच रंगाच्या केसपेपरवर हे औषध द्यावे. जिथे खोलीवर मोठ्या अक्षरांत "एआरटी" लिहिलेले आहे तिथे ती पाटी काढली तरी अर्धे काम होईल.

कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कुणाला सांगता येत नाही. उपचारासाठी गरज असेल तर उपचार करणारा एक आरोग्यसेवक दुसऱ्याला सांगू शकतो. एवढी सूट कायद्यात आहे, आणि वर सांगितलेल्या औषधांच्या बाबतीत ती तुमच्या हिताची आहे. पण केसपेपर काढणारे, शिपाई, सरपंच किंवा शेजारी त्यात बसत नाहीत. एचआयव्ही आहे म्हणून बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा दाताचे उपचार नाकारणेही बेकायदा आहे. वीस किंवा अधिक माणसे काम करणाऱ्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे, आणि प्रत्येक राज्याने लोकपाल. तातडीच्या उपचाराची बाब असेल तर लोकपालाने २४ तासांत, इतर वेळी ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो.

याच कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. उपचार पुरवण्याच्या सरकारच्या जबाबदारीचे कलम "शक्य तेवढे" या शब्दांनी सैल केलेले आहे. त्या शब्दांना विधेयकाच्या वेळीच विरोध झाला होता, तरी ते राहिले. म्हणजे "मला औषध द्या" या मागणीपेक्षा "माझे नाव फोडू नका, मला हाकलू नका" ही मागणी कायद्यात जास्त पक्की आहे.

कर्मचाऱ्यांची भीतीही थट्टेवारी नेण्यासारखी नाही. सुई टोचली तर काय, हा प्रश्न परिचारिकेच्या मनात असतो. त्यावर उपाय आहे: लवकरात लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करून २८ दिवस घेणे. हातमोजे आणि हे औषध दवाखान्यात हाताशी असेल, तर रुग्णाला पुढे ढकलण्याचे एक कारण तरी कमी होते.

गरोदर असाल तर

इथे जवळच्या दवाखान्याला पर्याय नाही. वेळेवर तपासणी, आईला लगेच उपचार, रुग्णालयात बाळंतपण, बाळाला जन्मापासून काही आठवडे प्रतिबंधक औषध आणि सहा आठवड्यांचे झाल्यावर बाळाच्या रक्ताची चाचणी, ही साखळी आहे. एक कडी तुटली तर बाळाला धोका. बाई माहेरी जाते तेव्हा ती हमखास तुटते: नाव सासरच्या तालुक्यात, बाळंतपण माहेरच्या. माहेरी जाण्याआधी समुपदेशकांना तारीख सांगा आणि तिकडच्या केंद्राचा पत्ता घ्या.

कामासाठी गाव सोडत असाल तर

ऊसतोडीला जाणारे, सुरतच्या किंवा हैदराबादच्या कारखान्यात कामाला गेलेले, ट्रकवर असलेले, अशांसाठी "गावाजवळची गोळी" म्हणजे नेमके कोणते गाव? थोड्या काळासाठी जात असाल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मागा. मुक्काम लांबला तर बदलीपत्र घेऊन तिथल्या केंद्रात नाव हलवता येते, राज्य बदलले तरी. "सोच" नावाच्या संगणक प्रणालीत नोंदी असतात, पण हिरवे पुस्तक सोबत ठेवाच. अनोळखी शहरात, वेगळ्या भाषेत समजावण्यापेक्षा ते दाखवणे सोपे. सहा महिने फडावर जाणाऱ्या माणसाला महिन्याच्याच गोळ्या देऊन "पुढच्या महिन्यात या" म्हणणे म्हणजे त्याला उपचाराबाहेर काढणे होय.

जवळच्या केंद्रात नाव हलवावे का?

निर्णय तुमचा आहे. लिंक केंद्राला जोडून घ्या अशी सक्ती कुणी करत असेल तर कारण विचारा. स्वतःहून मागायचे असेल तर साधारणपणे किमान सहा महिने उपचार झालेला, गोळ्या नियमित, व्हायरल लोड दबलेला आणि क्षयरोगासारखा दुसरा आजार चालू नसलेला असावा. नुकतीच लागण कळली असेल, वजन उतरले असेल, ताप-खोकला किंवा जोराची डोकेदुखी हटत नसेल, तर आधी मोठे केंद्रच गाठा. अशा वेळी लागणाऱ्या तपासण्या आणि औषधे तालुक्याला मिळत नाहीत, आणि तिथे घालवलेला आठवडा महागात पडू शकतो.

नाव हलवण्याआधी त्या केंद्रात एकदा जाऊन या. गोळ्या कोणत्या वारी देतात, समुपदेशक नसतील तेव्हा कोण देतो, व्हायरल लोडचा नमुना तिथेच घेतात की पुन्हा जिल्ह्याला जावे लागते, हे विचारा. ही चाचणी मोफत आहे. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा ती व्हायला हवी. प्रयोगशाळा मोजक्या असल्याने नमुना दूर जातो आणि अहवालाला वेळ लागतो, म्हणून पुढच्या फेरीला अहवाल आठवणीने मागा. तिथे कुणी ओळखीचे दिसले आणि मन घाबरले, तर दुसऱ्या तालुक्याचे लिंक केंद्रही मागता येते.

दूरचेच केंद्र ठेवायचे ठरवले तर प्रवासाच्या सवलती घ्या. एआरटी केंद्रात उपचारासाठी जाताना रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत ५० टक्के सवलत आहे. महाराष्ट्रात साध्या एसटी बसमध्ये एचआयव्ही रुग्णांना मोफत प्रवासाची सोय आहे. लागणारा दाखला एआरटी केंद्रातून मिळतो. महाराष्ट्रातल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सचा समावेश आहे, दरमहा १,५०० रुपये. मात्र वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा इतकी खाली आहे की रोजंदारीवरचा माणूसही कागदावर त्यात बसवणे अवघड जाते. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधित कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिकेत घेण्याची सूचना केंद्राने २००९ मध्येच दिली आहे. प्रत्येक अर्जासोबत तुमची माहिती आणखी एका टेबलावर जाते, हे धरून चला. अर्ज बंद पाकिटात द्या, गावातल्या मध्यस्थाच्या हाती देऊ नका. समुपदेशक किंवा काळजी व आधार केंद्राचे कार्यकर्ते अर्ज भरायला मदत करतात.

गोळ्या कमी दिल्या, परत पाठवले, नाव फोडले किंवा बदलीपत्र दिले नाही, तर तारीख आणि केंद्राचे नाव लिहून ठेवा. आधी मूळ एआरटी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, मग राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे लेखी तक्रार करा. माहिती विचारायची असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे, आणि फोनवर स्वतःचे नाव सांगावे लागत नाही.